देवलांनी जन्मभर लग्नावर लिहिलं, आपण पदंच गात राहिलो

गावभागातली_नात
११ जून, रात्री ९:५०

माझ्या आजीचं लग्न १९३० च्या फाल्गुनात झालं. ती अकरा वर्षांची, आजोबा अडतीस वर्षांचे बिजवर. एवढी घाई का केली, असं विचारलं की ती म्हणायची, "शारदेचा कायदा लागू व्हायच्या आत मला उजवून टाकली." १ एप्रिलपासून चौदा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा ठरणार होतं. तिचं माहेर वाळवा तालुक्यातलं, तो तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. त्या महिन्यात गावात इतके मांडव पडले की भटजी एका घरच्या अक्षता टाकून तसेच दुसऱ्या घरी धावायचे. तिच्याबरोबर सागरगोटे खेळणाऱ्या दोघी त्याच आठवड्यात बोहल्यावर चढल्या. त्यातली एक नऊ वर्षांची होती.

सव्विसाव्या वर्षी आजी विधवा झाली. माझी आई तेव्हा चार वर्षांची. सांगलीच्या गावभागातल्या घरांमधून स्वयंपाकाची कामं करून आजीनं दोन मुलं वाढवली.

१९६१ च्या आसपास सांगलीत 'शारदा'चा प्रयोग होता, म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या मुलीचं नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं नाटक. आईनं हट्टानं आजीला नेलं. म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा करणारं पाऊणशे वयमानाचं पद सुरू झालं तसं सगळं थिएटर हसायला लागलं. टाळ्या, वन्समोअर. आजी उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. आई मागोमाग गेली तर म्हणाली, "तू बघ जा. मला यातलं सगळं ठाऊक आहे." मध्यंतरानंतर मात्र ती आपण होऊन आत आली आणि पडदा पडेपर्यंत बसून राहिली.

हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. गेल्या महिन्यात आजारपणामुळे घरी बसून होते, तेव्हा देवलांची नाटकं हातात घेतली, आणि जे दिसलं ते इथं मांडावंसं वाटलं. १४ जूनला त्यांची पुण्यतिथी. त्या दिवशी नाट्य परिषदेचे पुरस्कार असतात, गावोगावी नाट्यगीतं होतात. गाणी मलाही प्राणाहून प्रिय आहेत. पण गाण्यांखालचा मजकूर कुणी वाचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

देवल आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. जन्म १८५५ चा. शिक्षण बेळगावात, तिथंच नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास, पुढं नाटक मंडळ्यांमध्ये नटांना तालीम देणारे देवल मास्तर. नाटकं एकूण सात. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की त्यातलं स्वतंत्र एकच, 'शारदा'. बाकी सहा संस्कृतातून किंवा इंग्रजीतून घेतलेली. ते खरंच आहे, पण तेवढ्यावरच आपण थांबतो. मी सातही नाटकांची नावं वहीत एकाखाली एक लिहिली. 'मृच्छकटिक', 'विक्रमोर्वशीय' आणि 'शापसंभ्रम' ही संस्कृतातून आलेली तीन बाजूला ठेवली, आणि उरलेली चार वाचताना अंगावर काटा आला.

'दुर्गा', १८८६. नवरा गेला असं समजून दुसरं लग्न केलेली बाई, आणि एक दिवस पहिला नवरा परत येतो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, देवल तेव्हा पाळण्यात होते. नाटक आलं तेव्हा कायद्याला तीस वर्षं उलटली होती आणि तरी पुन्हा कुंकू लावलेल्या बाईकडे लोक कसे बघतात हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मूळ गोष्ट इंग्रजी असेल, पण ती बघणारे डोळे इथले होते.

'झुंझारराव', १८९०. ऑथेल्लोची कथा. नवरा संशयानं पेटतो आणि निरपराध बायकोचा जीव घेतो.

'फाल्गुनराव', १८९३. पुन्हा तोच संशय, आता हसवणारा. नवऱ्याचा बायकोवर, बायकोचा नवऱ्यावर, प्रियकराचा प्रेयसीवर. आणि हा विषय देवलांनी सोडलाच नाही. तेवीस वर्षांनी त्यांनी हेच नाटक बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीसाठी पदं घालून 'संशयकल्लोळ' म्हणून नव्यानं उभं केलं. ते साल १९१६, आणि त्याच साली ते गेले.

मधे १८९९ ची 'शारदा'. ही मात्र कुणाची उसनी नाही.

म्हणजे तीन नाटकांत लग्न झाल्यानंतर काय होतं ते आहे, आणि जे एकच नाटक त्यांनी पदरचं लिहिलं त्यात लग्न ठरतं कसं ते आहे. कोण कुणाशी बोलतं, पैसे कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातात, आई काय म्हणते, मुलीला कधी कळतं. शारदा आणि म्हातारा नवरदेव भुजंगनाथ यांचा संसार नाटकात होतच नाही. नाटकभर चालतो तो सौदा.

आणखी एक. हे हुंड्याचं नाटक नाही, तसा समज मी चांगल्या शिकलेल्या लोकांतही पाहिलाय. इथं शारदेचा बाप कांचनभट मुलगी देण्याचे पैसे घेतो. त्याला कन्याविक्रय म्हणत. बापानं असं शुल्क घेऊ नये असं मनुस्मृतीतसुद्धा सांगितलंय, आणि तरी ते राजरोस चालायचं. आजीच्या बापानंही घेतले होते. किती, ते आजीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तुमच्यापैकी कुणी देवल असे वाचलेत का? नाटकात काम केलंय का? घरात कुणाची अशी आठवण आहे का? लिहा.


हळदपेव
११ जून, रात्री १०:३५

ताई, मी हरिपूरचाच. वाचून गप बसलो हुतो थोडा वेळ.

आमच्या गावाला लोक येत्यात ते संगमेश्वराच्या दर्शनाला, नाहीतर कृष्णा-वारणेचा संगम बघायला. जुनी माणसं हळदीच्या पेवांसाठी ओळखायची. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वर माती. वर्षानुवर्षं ठेवली तरी किडत नसायची. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्यातली बरीच गेली ती गेलीच. देवलांचं नाव शाळेच्या भाषणात ऐकलेलं, पण त्यांचं नाटक मी वाचलेलं न्हाई. आमच्या चुलत्याला 'शारदा'तलं 'मूर्तिमंत भीती' हे पद तोंडपाठ. रानात म्हणायचा. ते कुणाच्या भीतीबद्दल हाय ते मला आज कळलं. एका पोरीची भीती गडीमाणूस पाणी पाजताना म्हणत हुता.

पुस्तक कुठं मिळंल?


स्पष्टच_सांगतो
११ जून, रात्री ११:२०

लेख मनापासून लिहिलाय यात शंका नाही, आजींबद्दल आदर आहे. पण मला पटलं नाही ते सांगतो.

रूपांतर करणारा लेखक नाटक मंडळीची गरज बघतो. कुठल्या नटाला कुठली भूमिका शोभेल, प्रेक्षक कशाला येईल, याचा विचार करतो. 'दुर्गा'चा विषय मूळ इंग्रजी नाटककाराचा, 'झुंझारराव'चा शेक्सपिअरचा, 'फाल्गुनराव'चा आर्थर मर्फीचा, आणि त्यानं तो मोलिएरकडून घेतलेला. वेगवेगळ्या लेखकांचे वेगवेगळे विषय एका माळेत ओवून "हा लग्नाचा लेखक" म्हणणं मला ओढूनताणून वाटतं.

दुसरं, 'शारदा'त लग्न मोडतं ते कशामुळं? वर आणि वधूपिता सगोत्र निघतात म्हणून. मुलगी लहान आहे, म्हातारा तिच्या आजोबाच्या वयाचा आहे, हे कारणच ठरत नाही. शेवटी सुटका करतो तरुण कोदंड आणि मान्यता देतात शंकराचार्य. म्हणजे प्रश्न मांडला सुधारकाचा आणि उत्तर काढलं पोथीतून. यात शारदेनं स्वतः काय केलं?


कृष्णामाई_कराड
१२ जून, सकाळी ६:४५

वादात पडत नाही, एक जोड देतो. आमच्या कराडजवळ कृष्णेच्या काठी टेंभू. तिथं १८५६ साली गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म. देवलांपेक्षा एक वर्षानं लहान. एकच नदी, वर टेंभू, खाली हरिपूर. आगरकरांनी 'सुधारक' काढला १८८८ मध्ये, संमतिवयाच्या बिलाच्या बाजूनं लिहिलं, त्यापायी समाजाचा रोष पत्करला. हॅम्लेटचं मराठी रूप त्यांनीही केलेलं आहे. १८९५ ला ते गेले, 'शारदा' रंगभूमीवर आली ती चार वर्षांनी. आगरकरांना ते नाटक बघायला मिळायला हवं होतं असं मला फार वाटतं.

आणि झुंझाररावाची भूमिका शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी करायचे. शाहूनगर म्हणजे सातारा. तेव्हा यात आमचाही थोडा वाटा आहे.


निवृत्त_वकील_मिरज
१२ जून, सकाळी ९:१०

नातताईंच्या आजींनी 'शारदेचा कायदा' म्हटलं, त्यांच्या पिढीत सगळेच तसं म्हणत. आजही अनेकांना वाटतं की नाटकामुळं कायद्याला ते नाव पडलं. तसं नाही. अजमेरच्या हरविलास सारडा यांनी ते विधेयक मांडलं, म्हणून सारडा कायदा. नाटक आणि कायदा यांत तीस वर्षांचं अंतर आहे. पण महाराष्ट्रातल्या बायकांच्या कानांनी 'सारडा'चं 'शारदा' केलं, आणि मला ती चूक फार मोलाची वाटते. त्यांना तो कायदा कुणाचा आहे ते आधीपासून माहीत होतं.

कायदा सप्टेंबर १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० ला लागू झाला. मधल्या सहा महिन्यांत देशभर बालविवाहांची झुंबड उडाली, १९३१ च्या जनगणनेतसुद्धा तिचा परिणाम दिसतो. आजी त्या सहा महिन्यांतल्या.

आता 'स्पष्टच_सांगतो' यांच्या सगोत्राच्या मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या मते नाटकाचा कणा तिथंच आहे. १८९९ साली त्या मांडवात कायद्याचा माणूस येऊन उभा राहिला असता तर त्यानं काय केलं असतं? काहीच नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं दंडसंहितेतली दहाची मर्यादा बारावर नेली होती, पण ती शरीरसंबंधाची. लग्न कितव्याही वर्षी लावा, गुन्हा नव्हता. नवरा पंचाहत्तरचा असला तरी गुन्हा नव्हता. बापानं पैसे घेतले तरी लग्न लागायचं. ते लग्न मोडू शकेल अशी जगात एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे गोत्र. ज्या समाजाला पोरीच्या वयाचं काही वाटत नव्हतं त्याला गोत्राचं वाटत होतं. देवलांनी तीच कळ दाबली. याला मी पळवाट म्हणणार नाही. प्रेक्षक घरी जाताना आपल्याशी म्हणेल की गोत्र निराळं असतं तर हे लग्न लागलं असतं! हा विचार त्याच्या डोक्यात सोडायचा होता.

सारडा कायदाही तसा लेचापेचाच होता. एकवीस वर्षांवरच्या नवऱ्याला फार तर महिनाभर साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फिर्याद वर्षाच्या आत करायची, आणि फिर्यादीकडून शंभर रुपयांपर्यंतचा कतबा, म्हणजे हमीपत्र, लिहून घेता येत असे. गावात भावकीविरुद्ध शंभर रुपयांच्या जोखमीवर कोण जाणार? शिवाय लागलेलं लग्न रद्द होत नव्हतं. मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते रद्द करून घेण्याचा हक्क मिळाला तो २००६ च्या कायद्यानं. वयातल्या अंतरावर मात्र आजही कायदा नाही. असावा असं मी म्हणत नाही, सज्ञान माणसांचा तो प्रश्न आहे. पण 'शारदा' जुनं झालं असं कुणी म्हणू लागलं की मी एवढं सांगतो.


गावभागातली_नात
१२ जून, दुपारी २:३०

वकीलकाका, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. शंभर रुपयांचा कतबा ऐकून ती म्हणाली, "आजीच्या चुलत्याला लग्न पसंत नव्हतं. तो तालुक्याला जाऊन आला होता." का गेला, काय झालं, तिला माहीत नाही. नव्वद वर्षांनी हे आम्हाला कळतंय.

@स्पष्टच_सांगतो, तुमचा पहिला मुद्दा मला टोचला, म्हणून पुन्हा विचार केला. मंडळीची गरज असेलच. पण ऑथेल्लो मराठीत आधीच होता, महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये केलेला. इंग्रजीतलं सगळं भांडार समोर होतं, राजांचे खून होते, गादीची भांडणं होती. त्यातून देवलांनी काय उचललं ते बघा: पुनर्विवाह केलेली बाई, संशयी नवरा, पुन्हा संशयी नवरा. आपण लग्नात आहेराला साडी घ्यायला गेलो तर साडी विणत नाही, निवडतो. तरी ती साडी बघून लोक आपली आवड ओळखतात.

शारदेनं काय केलं, हा प्रश्न मात्र मला सोडवता आलेला नाही. मांडवातून अर्धवट उठलेल्या मुलीला आता कोण पत्करणार, या धास्तीनं ती नदीवर जीव द्यायला निघते. कोदंड अडवतो. सप्तपदी झालेली नव्हती म्हणून ती मोकळी, असा निवाडा होतो. तुम्ही म्हणता ते बरोबर, तिला कुणी विचारत नाही. पण मला वाटतं देवलांनी तिला जे दिलं ते तिच्या बोलण्यात आहे. तिची भीती, तिचा आईबापाला विचारलेला जाब, सगळं साध्या घरगुती मराठीत. स्वयंपाकघरात बोलतात तसं. त्याआधी रंगमंचावरच्या नायिका शकुंतला, सुभद्रा. ही कांचनभटाची पोर.


सोयरीक
१२ जून, संध्याकाळी ७:१५

मी वीस वर्षं वधूवर सूचक केंद्र चालवते, सांगलीत. नावनोंदणी, पत्रिका, बैठका. आज इथं जे लिहितेय ते जाहीरपणे कधी बोलले नव्हते.

'शारदा'तला लग्न जुळवणारा दलाल भद्रेश्वर दीक्षित अजून आहे. मी त्याला ओळखते, म्हणजे त्याच्यासारख्या चारपाच जणांना. आपल्या भागात शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळेना हे सगळ्यांना माहीत आहे. दहा एकर बागायत ऊस, दोन मजली घर, ट्रॅक्टर, आणि पोरगा पस्तिशीचा होऊन बसलाय. मुलींचे आईबाप म्हणतात नोकरी हवी, पुण्यात फ्लॅट हवा. त्यांचंही चूक म्हणवत नाही. आईनं शेणामातीत जन्म काढलेला असतो, पोरीला त्यातून बाहेर काढायचं असतं. मग घरात एजंट येतो. लांबच्या जिल्ह्यातली, कधी परराज्यातली मुलगी दाखवतो. तिच्या बापाला किती, एजंटला किती, सगळं ठरलेलं. पूर्वी मुलीचा बाप पैसे घ्यायचा म्हणून नाटक झालं. आज ते पुन्हा सुरू झालंय आणि आम्ही त्याला 'खर्च' म्हणतो.

गेल्या वर्षी असं एक स्थळ माझ्याकडे पत्रिका बघायला आलं होतं. मुलगी एकोणीसची, मुलगा एकेचाळीसचा. मुलगी सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मी तिला आत पाणी द्यायला नेलं आणि विचारलं, बाळ, तुला हे पसंत आहे का? म्हणाली, "मला मराठी थोडं थोडं येतं." एवढंच. मी पत्रिका जुळत नाही असं सांगितलं. खोटं सांगितलं. छत्तीस गुणांपैकी अठ्ठावीस जुळत होते.

वकीलकाकांनी गोत्राचं लिहिलं ते वाचून मला रडू आलं. मी त्या दिवशी तेच केलं होतं. खरं कारण सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

ते लग्न पुढं दुसरीकडून लागलं असं कानावर आलं.


स्पष्टच_सांगतो
१२ जून, रात्री ८:०५

सोयरीकताई, माझा सगोत्राबद्दलचा आक्षेप मी मागं घेतो.


उभा_पडदा
१३ जून, सकाळी ११:००

मी हौशी नट. तीन वेगवेगळ्या संचांतून भुजंगनाथ केलाय, एकूण पंधरावीस प्रयोग. नातताईंच्या आजी उठून बाहेर गेल्या ते वाचल्यापासून अस्वस्थ आहे, कारण हशा घेणारा मीच.

पहिल्या संचात आमच्या तालीममास्तरांनी मला कमरेत वाकवलं, खोकायला लावलं, काठी दिली, मिशांना काजळ. प्रत्येक वाक्याला हशा. मी खूश. दुसऱ्या संचातले दिग्दर्शक वयानं मोठे होते, नाट्यसंगीतात आयुष्य गेलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी काठी काढून घेतली. म्हणाले, "भुजंगनाथाला आपण म्हातारे आहोत असं वाटत नाही. तू म्हाताऱ्याचं सोंग करू नकोस. तू लग्नाला निघालेला नवरा कर." तसं केल्यावर संवादांचा अर्थच बदलला. तो खरोखर आनंदात आहे. दागिने काय करायचे, वाड्याला रंग कुठला. त्याला समोरची मुलगी माणूस म्हणून दिसतच नाही. हशा तरी येतोच, पण पहिल्या अंकात मोठा आलेला हशा दुसऱ्या-तिसऱ्या अंकात बारीक होत जातो, आणि शारदेचं 'मूर्तिमंत भीती' सुरू झालं की लोकांना आपण मघाशी कशाला हसलो ते आठवतं. विंगेत उभं राहून मी हे प्रत्येक वेळी ऐकलंय. थिएटर शांत होतं ते वेगळंच शांत असतं.

मला वाटतं देवलांनी हे मुद्दाम बांधलंय. ते स्वतः नटांना शिकवणारे होते, कुठं हशा येणार आणि तो कुठं मोडणार हे त्यांच्या हाताखालचं होतं. पण त्यासाठी आम्ही नटांनी ते इमानानं करायला हवं. नुसत्या टाळ्यांसाठी केलं तर आजीसारखी एखादी बाई उठून जाते, आणि ती बरोबर असते.

पुढच्या वेळी उभा राहीन तेव्हा बाहेरच्या पायरीवर कुणी बसलंय असं समजूनच उभा राहीन.


ऐकून_घेते
१३ जून, दुपारी ४:२०

मी कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत पैशाचं भांडण असतं, सासरचं असतं, पण सगळ्यांत जास्त वेळ जातो तो संशयात. म्हणून 'संशयकल्लोळ'बद्दल दोन शब्द.

त्या नाटकात पुरुषांना महिन्यांची नावं आहेत, फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या. बायकांना नक्षत्रांची, कृत्तिका, रेवती, रोहिणी. महिने आणि नक्षत्रं एकमेकांना धरूनच चालतात, तरी इथं सगळ्यांच्या चुकामुकी. गोंधळ सुरू होतो एका तसबिरीवरून. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, तिच्याजवळची प्रियकर अश्विनशेठची तसबीर पडते, ती फाल्गुनरावाच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती तसबीर बघत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. त्याआधी तिनं त्याला रेवतीला सावरताना पाहिलेलं असतं. दोघांनी जे पाहिलं ते खरंच घडलेलं आहे. अर्थ तेवढे दोघांनी मनाचे लावलेत.

मी हे जोडप्यांना गोष्ट म्हणून सांगते. नाटकाचं नाव घेत नाही. गोष्ट संपली की दोघांना वेगवेगळ्या कागदावर लिहायला सांगते: तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं, आणि मग मनानं काय जोडलं. परवा एक जण आले होते, त्यांच्या बायकोच्या मोबाईलमध्ये रात्री साडेअकराला एकाच नंबरवर रोज कॉल. त्यांनी लिहिलं, "पाहिलं: कॉल. जोडलं: सगळं." त्या बाई रात्री माहेरच्या आजारी वडिलांजवळ बसणाऱ्या नर्सला फोन करत होत्या. वडिलांच्या आजारपणाचा खर्च आपण करतोय हे नवऱ्याला सांगायची त्यांना भीती वाटत होती. मग खरी गोष्ट त्या भीतीची निघाली, आणि तिच्यावर पुढचे दोन महिने बोललो.

देवलांनी एकच संशय दोनदा लिहिला, एकदा मरण येईपर्यंत आणि एकदा हसू येईपर्यंत. माझ्या खोलीत दोन्ही शक्यता रोज समोर बसलेल्या असतात. कुठल्या बाजूला जाणार ते पहिल्या दिवशी कळत नाही.


हळदपेव
१३ जून, संध्याकाळी ६:५०

ताई, आमच्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात 'शारदा'ची जुनी प्रत निघाली. पानं सुटल्यात, पण शाबूत हाय. काल रात्री बायको आणि मी आळीपाळीनं वाचली. ती शारदेची आई इंदिराकाकू वाचायची, मी कांचनभट. एका ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली, तुम्ही वाचा, मला न्हाई वाचवत. आमची थोरली आता अठराची हाय.

उद्या चौदा तारीख. कार्यक्रम वगैरे काही न्हाई. संध्याकाळी पाच वाजता संगमेश्वराच्या देवळाजवळ आम्ही सातआठ जण बसून चौथा आणि पाचवा अंक मोठ्यानं वाचणार हाय. पदं म्हणायची न्हाईत, नुसती वाचायची. ज्याला यायचं त्यानं या.


विष्णुदासांच्या_गावचा
१३ जून, रात्री ९:३०

छोटीशी भर. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांपुढं विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक केलं ते 'सीतास्वयंवर'. आपल्या रंगभूमीचा आरंभच एका लग्नानं झाला, आणि त्या लग्नात निदान नावाला तरी वर निवडायचा होता. छप्पन्न वर्षांनी त्याच गावाशेजारच्या माणसानं शारदेचं लग्न लिहिलं. याहून जास्त मला सुचत नाही, उद्या येतो.


गावभागातली_नात
१३ जून, रात्री १०:४०

आज मी आईला नीट विचारलं. मध्यंतरानंतर आजी आत येऊन बसली, नाटक संपलं, तुम्ही घरी आलात. मग काही बोलली का ती? एवढी वर्षं मी हे कधी विचारलंच नव्हतं. मला गोष्ट पायरीवर संपते असंच वाटत होतं.

आई म्हणाली, रस्ताभर गप्प होती. गणपती मंदिरापाशी आल्यावर थांबली आणि म्हणाली, "ती नदीवर गेली तेव्हा तिची आई कुठं होती गं?"

आईला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मी आज पुस्तक पुन्हा काढलं. इंदिराकाकू या लग्नाच्या विरोधात आहे, नवऱ्याशी भांडते, रडते, हे सगळं आहे. पण मुलगी नदीकडे जाते तेव्हा ती एकटीच जाते. आजीची आई लग्नाच्या दिवशी न्हाणीघरात कडी लावून बसली होती, हे मात्र आजीनं आम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं. अक्षता पडून गेल्यावर बाहेर आली.

हळदपेव दादा, उद्या मी येतेय. आईपण येते म्हणतेय, चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ऐकू नीट येतं, गुडघे धरलेत. तिला इंदिराकाकूची वाक्यं वाचायची आहेत. चालेल ना?


हळदपेव
१३ जून, रात्री १०:५५

चालंल का म्हणून काय विचारताय ताई. घाटाच्या पायऱ्या उतरायच्या न्हाईत, आपण वरच पारावर बसू. खुर्ची घरनं आणतो, पाठीला टेकायची. रिक्षा थेट देवळापर्यंत येती. पुस्तकाचा टाईप बारीक हाय, आईंचा चष्मा तेवढा आठवणीनं घ्या.